गाण्याला कुलूप लावता येते का?

ध्वनिफितींच्या काळात आपल्याकडे गाणी ‘भरून’ घेण्याची पद्धत होती. रिकामी फीत आणि आवडत्या गाण्यांची यादी दुकानात दिली की दोन-चार दिवसांत फीत भरून मिळे. घरात दोन कप्प्यांचा टेपरेकॉर्डर असेल तर दुकानातही जावे लागत नसे. त्या फितीवरून शेजारी आपली फीत भरून घेई, शेजाऱ्याच्या फितीवरून त्याचा मित्र. पण ही साखळी फार लांबत नसे. तिसऱ्या-चौथ्या हातात पोचेपर्यंत तानपुरा खरखरीत बुडून जाई, तबल्याचे बोल बोथट होत, आणि शेवटी कोणीतरी कंटाळून मूळ फीत विकत आणी.

या फितींना कोणी कुलूप लावलेले नव्हते. दर प्रतीमागे होणारी झीज हेच त्यांचे कुलूप होते. १९८२ साली फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी विकसित केलेली कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजे सीडी, बाजारात आली आणि हे नैसर्गिक कुलूप गळून पडले. त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षे ध्वनिमुद्रण कंपन्या त्याच्या जागी एखादे कृत्रिम कुलूप बसवण्याच्या खटपटीत होत्या. एकामागून एक कुलपे आली आणि एकामागून एक उघडली गेली. असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण त्या प्रश्नात थोडे भौतिकशास्त्र आहे, थोडे गणित आहे, आणि आपण विकत घेतलेले यंत्र नेमके कोणाचे ऐकते हा नागरिकशास्त्राचा प्रश्नही आहे.

झेरॉक्सची झेरॉक्स

फितीवर आवाज साठवताना ध्वनिलहरीच्या चढउतारांप्रमाणे फितीवरील चुंबकीय कणांचे चुंबकन कमी-जास्त होते. म्हणजे फितीवर लहरीचे ‘चित्र’ उमटते. चित्राचे चित्र काढताना दरवेळी थोडी चूक होते. फितीच्या कणांमुळे आणि यंत्राच्या इलेक्ट्रॉनिक भागांमुळे थोडा गोंगाट मिसळतो. पुढच्या यंत्राला मूळ आवाज कोणता आणि गोंगाट कोणता हे ओळखता येत नाही. ते दोन्हींची इमानेइतबारे प्रत काढते आणि वर स्वतःचा गोंगाट घालते.

अंकीय ध्वनिमुद्रणात लहरीचे चित्र साठवत नाहीत, तिच्या मोजमापांचे आकडे साठवतात, तेही फक्त ० आणि १ या दोन चिन्हांत. प्रत काढणाऱ्या यंत्राला एवढेच ठरवायचे असते की समोर ० आहे की १. चिन्ह थोडे पुसट असले तरी ते ओळखता येते, आणि ओळखल्यावर नव्या प्रतीत पुन्हा स्वच्छ, ठळक लिहिले जाते. गोंगाट तिथेच गळून पडतो.

वर्गात हा फरक सहज दाखवता येईल. एका कागदावर पेन्सिलीने छायाचित्रासारखे छटा असलेले चित्र काढा आणि खाली ० व १ या अंकांची एक ओळ लिहा. कागदाची झेरॉक्स काढा, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, असे आठ-दहा वेळा करा. चित्रातील छटा नाहीशा होतील, पण अंक मात्र वाचता येतील. ते वाचून कोऱ्या कागदावर पुन्हा लिहिले, तर जी ओळ मिळेल ती मूळ ओळीच्या तोडीस तोड असेल. दहावी प्रत आणि पहिली प्रत यांत काहीही फरक नसेल. ‘मूळ’ आणि ‘प्रत’ हे शब्दच येथे निरर्थक होतात.

तबकडीवरचे आकडे

माणसाच्या कानाला साधारणपणे २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. एखादी लहर आकड्यांवरून पुन्हा जशीच्या तशी उभी करायची, तर तिच्यातील सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घ्यावे लागते. म्हणून सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप घेतात. प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहितात, म्हणजे लहरीची उंची ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवतात. डाव्या आणि उजव्या कानासाठी दोन स्वतंत्र मार्गिका असतात. विद्यार्थ्यांना गुणाकार करू द्या: ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट, दर सेकंदाला! ७४ मिनिटांच्या तबकडीवर सुमारे ७८ कोटी बाइट मावतात.

हे सर्व अंक तबकडीवर अतिसूक्ष्म खळग्यांच्या रूपात, आतून बाहेर उलगडत जाणाऱ्या सर्पिलाकार मार्गावर लिहिलेले असतात आणि लेसर किरणाने वाचले जातात. तबकडीवर धूळ बसते, ओरखडे पडतात. तरीही गाणे अडखळत नाही, ते कसे?

समजा ७, ३, ९, ५ हे चार आकडे पाठवायचे आहेत. त्यांच्यासोबत त्यांची बेरीज २४ हीसुद्धा पाठवली, तर चारांपैकी कोणताही एक आकडा पुसला गेला तरी वजाबाकी करून तो परत मिळवता येतो. सीडीवर याच कल्पनेचे पुष्कळ प्रगत रूप वापरलेले आहे. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० साली मांडलेली ही पद्धत आहे. संगीताच्या दर २४ बाइटांमागे ८ जादा बाइट दुरुस्तीसाठी लिहितात, आणि शेजारशेजारचे आकडे तबकडीवर मुद्दाम दूरदूर विखरून ठेवतात. त्यामुळे मार्गाच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर भाग पूर्ण खराब झाला तरी सर्व आकडे अचूक परत मिळतात. त्याहून मोठे नुकसान झाले, तर यंत्र अंदाज बांधते. मागचा आकडा १२० आणि पुढचा १२८ असेल, तर मधला १२४ धरते. कानाला हे सहसा कळत नाही.

ही दुरुस्तीची व्यवस्था लक्षात ठेवावी. पुढे एका कुलपाची सारी भिस्त तिच्यावरच होती.

स्वरातली खाच आणि दोन बिटांचा पहारा

सीडी सुरुवातीला फक्त वाजवता येत असे, घरच्या घरी तिच्यावर लिहिता येत नसे. पण १९८७ साली जपानमध्ये अंकीय ध्वनिफीत आली. तिच्यावर सीडीच्या तोडीचे ध्वनिमुद्रण करता येऊ लागले आणि कंपन्यांना धास्ती वाटू लागली.

अमेरिकेतील सीबीएस कंपनीने एक उपाय सुचवला. गाणे प्रसिद्ध करतानाच त्यातील ३,८४० हर्ट्झच्या आसपासची एक अरुंद पट्टी कापून काढायची. मुद्रणयंत्रात एक चिप बसवायची. येणाऱ्या आवाजात ही खाच आढळली की चिपने मुद्रण थांबवायचे. पेटीची एक पट्टी काढून टाकावी आणि ‘पट्टी नसलेली पेटी दिसली की वाजवणाऱ्याला अडवा’ असे दारवानाला सांगावे, तसा हा प्रकार होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने या पद्धतीची तपासणी करून १९८८ साली निष्कर्ष जाहीर केला. खाचेमुळे काही संगीतात ऐकू येण्याजोगा बिघाड होतो, चिप कधीकधी फसते, आणि तिला चकवणे सोपे आहे. ती योजना तिथेच संपली.

पुढचा उपाय अधिक समजूतदार होता. संगीताच्या आकड्यांसोबत दोन बिटांची सूचना पाठवायची. मूळ तबकडीवरून प्रत काढता येईल, पण त्या प्रतीवर यंत्र ‘ही प्रत आहे’ अशी नोंद करील. प्रतीची प्रत काढायला गेल्यास यंत्र नकार देईल. म्हणजे जुन्या फितीत तिसऱ्या-चौथ्या पिढीला येणारा अडथळा येथे दुसऱ्याच पिढीला आणला होता. १९९२ च्या अमेरिकी कायद्याने घरगुती अंकीय मुद्रणयंत्रांत ही व्यवस्था सक्तीची केली. त्याच कायद्याने यंत्रांवर आणि कोऱ्या माध्यमांवर आकारणी बसवून ती रक्कम कलाकार व कंपन्यांना देण्याची तरतूद केली. पश्चिम जर्मनीत मुद्रणयंत्रांवरील अशी आकारणी १९६५ पासूनच होती. लोक प्रती काढणारच हे मान्य करून मोबदल्याची सोय करणे, हा कुलपाहून वेगळा मार्ग आहे.

दोन बिटांचा पहारा मात्र टिकला नाही. दोन यंत्रांच्या मधे जोडून हे बिट बदलणाऱ्या छोट्या पेट्या बाजारात आल्या. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, संगणक आला. संगणक म्हणजे ध्वनिमुद्रणयंत्र नव्हे, त्यामुळे हे बिट पाहण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते. त्याच्या दृष्टीने गाणे म्हणजे आकड्यांची आणखी एक फाइल.

ऐकू न येणारे जलचिन्ह

पाच मिनिटांच्या गाण्याचे सीडीवर सुमारे ५ कोटी २९ लाख बाइट होतात. १९९० च्या दशकाअखेरच्या दूरध्वनी-मोडेममधून, सेकंदाला ५६,००० बिट या वेगाने, ते पाठवायला दोन तासांहून अधिक वेळ लागला असता. एमपी३ या पद्धतीने चित्र बदलले. मोठ्या आवाजाच्या छायेत जे बारीक आवाज कानाला जाणवत नाहीत, ते ही पद्धत गाळून टाकते किंवा ढोबळपणे लिहिते. गाणे अकरापट लहान होते आणि तेच गाणे साडेअकरा मिनिटांत पोचते. आता गाणी देशोदेशी फिरू लागली.

१९९८ च्या डिसेंबरात ध्वनिमुद्रण आणि इलेक्ट्रॉनिक्स कंपन्या एकत्र आल्या. नोटेत जसे उजेडात धरल्यावरच दिसणारे जलचिन्ह असते, तसे गाण्यात यंत्रालाच ओळखू येईल असे चिन्ह दडवायचे, असा एक बेत होता. उदाहरणार्थ, आवाजात कानाला न जाणवणारा अतिशय क्षीण प्रतिध्वनी मिसळायचा.

या कल्पनेत एक मूलभूत पेच आहे. चिन्ह कानाला अजिबात जाणवत नसेल, तर कानाला न जाणवणारे सारे गाळणारी एमपी३सारखी पद्धत ते पुसून टाकू शकते. आणि ते टिकेल इतके ठळक केले, तर जाणकाराच्या कानाला खुपेल. या दोहोंमधील चिंचोळ्या पट्टीत चिन्ह बसवावे लागते.

सप्टेंबर २००० मध्ये या गटाने जाहीर आव्हान दिले: आमची संरक्षणे तोडून दाखवा, दहा हजार डॉलरपर्यंत बक्षीस मिळवा. मुदत सुमारे तीन आठवडे. आव्हानात एका गाण्याची चिन्हाविना प्रत, त्याच गाण्याची चिन्हांकित प्रत आणि दुसऱ्या एका गाण्याची फक्त चिन्हांकित प्रत दिली होती. तिसऱ्यातले चिन्ह काढायचे होते. प्रिन्स्टन विद्यापीठातील एडवर्ड फेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामाची सुरुवात कोणत्याही विद्यार्थ्याला सुचेल अशी केली. दुसऱ्या प्रतीतून पहिली वजा करा, जे उरेल त्यात चिन्हाचा माग लागेल. तो माग घेत त्यांनी चारही जलचिन्हे निष्प्रभ केल्याचे जाहीर केले. बक्षीस घ्यायचे तर मौन पाळण्याचा करार करावा लागत होता. त्यांनी बक्षीस सोडले आणि शोधनिबंध लिहिला.

एप्रिल २००१ मध्ये पिट्सबर्ग येथील परिषदेत तो वाचला जाणार होता. तेवढ्यात ध्वनिमुद्रण उद्योगाकडून पत्र आले. १९९८ च्या अमेरिकी कायद्यानुसार कुलूप तोडण्याची साधने पुरवणे गुन्हा होता, आणि हा निबंध प्रसिद्ध केल्यास त्या कायद्याखाली कारवाई होऊ शकते, असा त्याचा आशय होता. निबंध मागे घेतला गेला. पुढे संशोधक न्यायालयात गेले, उद्योगाने खटला भरण्याचा हेतू नव्हता असे सांगितले आणि ऑगस्ट २००१ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत निबंध वाचला गेला. पण ‘हे कुलूप कच्चे आहे’ हे सांगणेसुद्धा गुन्हा ठरू शकते, ही भीती संशोधकांच्या मनात कायमची शिरली.

येथे एका भाषाशिक्षकाची आठवण होते. ऑगस्ट केर्कहॉफ्स हे पॅरिसमध्ये जर्मन भाषा शिकवत. १८८३ साली लष्करी सांकेतिक लिपीवर लिहिताना त्यांनी एक तत्त्व सांगितले: पद्धतीची सारी माहिती शत्रूच्या हाती पडली तरी, केवळ चावी गुप्त असेल तर संदेश सुरक्षित राहिला पाहिजे. ज्या कुलपाची सुरक्षितता त्याची रचना झाकून ठेवण्यावर अवलंबून आहे, ते कुलूप कच्चेच समजावे. सर्वांसमोर तपासले गेलेले आणि तरीही टिकलेले कुलूप हेच भरवशाचे.

मुद्दाम केलेल्या चुका

दरम्यान सीडीवरच नवे प्रयोग सुरू झाले. साधा सीडी वादक आणि संगणकाचा सीडी-वाचक तबकडी थोड्या वेगळ्या रीतीने वाचतात, याचा फायदा घेण्याची ही कल्पना होती. एका प्रकारात संगीताच्या आकड्यांत मुद्दाम चुका पेरल्या. साधा वादक अंदाज बांधून त्या झाकतो, संगणकाने काढलेल्या प्रतीत मात्र त्या ‘टक्‌टक्‌’ अशा ऐकू याव्यात, हा हेतू. पण यात दुरुस्तीची जी शिल्लक धुळीसाठी आणि ओरखड्यांसाठी राखलेली होती, तीच कंपनीने आधी खर्च करून टाकली. ग्राहकाने पूर्ण पैसे देऊन घेतलेली तबकडी जन्मतःच जखमी होती.

दुसऱ्या प्रकारात तबकडीच्या बाहेरच्या कडेला एक खोटा विभाग लिहिला. साधा वादक फक्त पहिला विभाग वाचतो, तर संगणक सर्वांत शेवटच्या विभागाची अनुक्रमणिका आधी पाहतो आणि गोंधळून जातो. २००२ साली काही जणांनी दाखवून दिले की साध्या काळ्या मार्कर पेनाने ती बाहेरची कड रंगवली की खोटा विभाग वाचलाच जात नाही आणि संगणक निमूटपणे गाणी वाजवतो. कंपन्यांचे खर्चिक संशोधन एका पेनाने हरले. अशा काही तबकड्यांनी संगणकच बंद पाडल्याच्या तक्रारी आल्या. सीडीची जनक फिलिप्स कंपनी म्हणाली की या तबकड्या मानकात बसत नाहीत, त्यांवर सीडीचे चिन्ह छापू नये.

तिसऱ्या प्रकारात तबकडी संगणकात घालताच एक प्रोग्रॅम आपोआप सुरू होऊन प्रत काढण्यात अडथळे आणत असे. ऑक्टोबर २००३ मध्ये प्रिन्स्टनमधील संशोधक विद्यार्थी अॅलेक्स हाल्डरमन यांनी सांगितले की तबकडी घालताना कळफलकावरील शिफ्टची कळ दाबून धरली की प्रोग्रॅम सुरूच होत नाही. विंडोज प्रणालीतील ही नेहमीची सोय होती. संबंधित कंपनीने एक कोटी डॉलरचा दावा लावण्याची भाषा केली आणि लगेच ती मागेही घेतली.

घरात शिरलेला पहारेकरी

शिफ्टच्या कळीने हरणारे कुलूप नको, म्हणून पुढचे पाऊल टाकले गेले, आणि ते फार महागात पडले. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच या संगणकतज्ज्ञांनी जाहीर केले की त्यांच्या संगणकात एक प्रोग्रॅम लपून बसला आहे आणि तो सोनी बीएमजी या कंपनीच्या गाण्यांच्या तबकडीतून आला आहे. तबकडी वाजवण्यासाठी करारनाम्याला होकार दिला की हा प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्यात शिरे. पहारेकऱ्याला कोणी हुसकावू नये म्हणून तो स्वतःला अदृश्य करी. एका ठरावीक चिन्हसमूहाने नाव सुरू होणारी कोणतीही फाइल संगणकाच्या मालकाला दिसेनाशी होई. करारनाम्यात या लपवाछपवीचा उल्लेख नव्हता.

‘कोणतीही फाइल’ या शब्दांत सारा धोका आहे. काही दिवसांतच उपद्रवी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आपल्या फाइलींना तेच नाव देऊन या आडोशाचा फायदा घेतला. प्रोग्रॅम काढण्यासाठी कंपनीने दिलेल्या साधनाने आणखी मोठे भगदाड पडते, असे फेल्टन आणि हाल्डरमन यांनी दाखवले. नोव्हेंबरमध्ये कंपनीला तबकड्या परत घ्याव्या लागल्या. या प्रकारात ५२ अल्बम होते आणि सुमारे २१ लाख तबकड्या विकल्या गेल्या होत्या.

यात त्रास कोणाला झाला ते पाहावे. ज्यांनी गाणी फुकट मिळवली त्यांच्या संगणकात काहीच शिरले नाही. ज्यांनी दुकानात जाऊन पैसे मोजले, त्यांच्याच घरात पहारेकरी शिरला.

सीलबंद पाकीट

इतक्या हुशार अभियंत्यांना साधे कुलूप का जमले नाही? उत्तर त्यांच्या हुशारीत नाही, प्रश्नाच्या रचनेत आहे.

सांकेतिक लिपीचे एक लहान उदाहरण घेऊ. सा, रे, ग, म, प, ध, नी यांना १ ते ७ क्रमांक द्या. चावी ३ आहे, म्हणजे प्रत्येक स्वर तीन घरे पुढे सरकवायचा आणि नी नंतर पुन्हा सा मोजायचा. ‘सा रे ग म’ हे ‘म प ध नी’ होईल. चावी ठाऊक नसलेल्याला भलतेच स्वर मिळतील. प्रत्यक्षातील चाव्या इतक्या मोठ्या असतात की एकेक करून सर्व शक्यता तपासणे अशक्य असते. त्यामुळे गणिताच्या बाजूने कुलूप पक्के असते.

पण सांकेतिक लिपीचे शास्त्र तीन पात्रे गृहीत धरते: पाठवणारा, घेणारा आणि मधे टपून बसलेला चोर. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेचे सीलबंद पाकीट घ्या. मंडळ पाठवते, केंद्रसंचालक उघडतात आणि तोवर विद्यार्थी बाहेर असतात. पाकीट कोणापासून जपायचे हे स्पष्ट आहे. गाण्याच्या बाबतीत मात्र घेणारा आणि संशयित एकच आहे. पाकीट विद्यार्थ्याच्याच घरी पाठवायचे, उघडायची चावीही त्यालाच द्यायची, वाचायला परवानगी द्यायची, आणि उतरवून मात्र घ्यायचे नाही म्हणायचे, असा हा प्रकार आहे. ‘म प ध नी’ कोणालाच ऐकायचे नसते. ऐकवण्यापूर्वी वादकाला ते ‘सा रे ग म’ करावेच लागते आणि त्यासाठी ३ हा आकडा त्याच्या पोटात कुठेतरी असावाच लागतो. तो दडवता येतो, पण यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यापासून कायमचा दडवणे अतिशय कठीण.

समजा तेही साधले. तरी अखेर गाणे हवेतून कानापर्यंत जावे लागते, आणि जे कानाला ऐकू येते ते मायक्रोफोनलाही येते. पूर्वी अशा मुद्रणात दर पिढीला झीज होई. आता झीज एकदाच, पहिल्या मुद्रणात होते. नंतर ते आकडेच झाले, की पुढच्या लाखो प्रती एकसारख्या. म्हणजे लाखो ग्राहकांपैकी एकाने कुलूप उघडले तरी पुरते, बाकीच्यांना त्यातले काही कळण्याचीही गरज नसते.

मग उरले काय?

अॅपल कंपनीने एप्रिल २००३ मध्ये सुरू केलेल्या दुकानातून विकलेली गाणी अशीच सांकेतिक कुलपात असत. गंमत म्हणजे त्याच दुकानाच्या नियमांनुसार ती साध्या सीडीवर उतरवता येत, आणि त्या सीडीवर कुलूप नसे! फेब्रुवारी २००७ मध्ये अॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्रात हिशेब मांडला: २००६ साली कुलूपबंद गाणी विकली गेली २ अब्जांहून कमी, तर कंपन्यांनीच सीडीवर बिनकुलपाची विकली २० अब्जांहून अधिक. मागचे दार सताड उघडे ठेवून पुढच्या दाराला कुलूप लावण्यात काय अर्थ? त्याच वर्षी ईएमआय कंपनीने बिनकुलपाची गाणी विकायला काढली आणि २००९ पर्यंत अॅपलच्या दुकानातील गाण्यांवरचे कुलूप निघाले.

कुलपाचा आणखी एक तोटा २००८ साली दिसला. याहूने आपले संगीताचे दुकान बंद केले आणि चाव्या देणारा संगणकही बंद केला. मायक्रोसॉफ्टनेही तसेच जाहीर केले होते, पण ग्राहकांच्या संतापामुळे मुदत वाढवावी लागली. चाव्या मिळणे थांबल्यावर नव्या संगणकावर जुनी, विकत घेतलेली गाणी वाजणार नव्हती. चाळीस वर्षांपूर्वीची तबकडी आजही वाजते, कारण ती कोणाची परवानगी मागत नाही.

आज अनेक जण गाणी विकत घेतच नाहीत, वर्गणी भरून किंवा जाहिराती सोसून ऐकतात. तेथे कुलूप आहेच, पण लोक ते फारसे तोडत बसत नाहीत, कारण सरळ मार्ग स्वस्त आणि सोयीचा झाला आहे. जे काम तंत्राला जमले नाही ते बरेचसे किमतीने आणि सोयीने केले. मात्र वर्गणी थांबली की गाणीही थांबतात, हे त्या सोयीचे मोल आहे.

आपल्या देशात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५-ए घालण्यात आले. हक्कभंग करण्याच्या हेतूने असे संरक्षण तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पण कायद्याने मना नसलेल्या कामासाठी, तसेच रीतसर मिळवलेल्या प्रतीवर सांकेतिक लिपीचे संशोधन करण्यासाठी सूट ठेवलेली आहे. शाळेच्या कार्यक्रमात फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळी श्रोते असतील, तर ध्वनिमुद्रण वाजवण्याची मुभा कलम ५२ देते. आपल्या कायद्याने हेतूला महत्त्व दिले, हे आम्हाला योग्य वाटते.

गायक, वादक, कवी, ध्वनिमुद्रक या सर्वांचे पोट या कलेवर आहे. त्यांना मोबदला मिळालाच पाहिजे, याबद्दल दुमत नसावे. प्रश्न आहे तो मोबदला वसूल करण्याच्या रीतीचा. तेव्हा वर्गात सरगमचे कोडे घालून झाल्यावर विद्यार्थ्यांना विचारावे: प्रत काढणे जर थांबवताच येत नसेल, तर गाणाऱ्याला त्याचे पैसे कसे पोचवाल? यंत्रांवर आकारणी, वर्गणी, की ऐकणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर भरवसा? प्रत्येक गटाने एक मार्ग निवडावा, आणि इतर गटांनी त्यातली पळवाट शोधून दाखवावी. पळवाट सापडली म्हणून कोणी रागावणार नाही, एवढे मात्र आधीच ठरवून घ्यावे.